मोरीच्या पाण्यावरची अनाबशाही

बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, पण त्यातली इच्छा कारखान्याची होती. यंत्रं बनवणारा सरकारी कारखाना. बाबा तिथे लेथ विभागात फोरमन. देशाची दारं उघडली, बाहेरून नवीकोरी यंत्रं यायला लागली, आणि साहेब लोक एकेकाला केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून सांगायला लागले की तुमची इच्छा असेल तर आमची काही हरकत नाही. बाबांनी सही केली. हार-शाल घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. डबा घेऊन बाहेर पडली ती आई. ती काचीगुड्याच्या बाजूला एका मराठी शाळेत शिकवायची.

"जेवण झाकून ठेवलंय," ती दारातून म्हणाली. हे वाक्य ऐकायची बाबांना सवय नव्हती आणि म्हणायची आईला.

त्या काळात निवृत्ती घेतलेल्या माणसाने काय करायचं, हे जणू ठरूनच गेलं होतं. बाबांच्या एका दोस्ताने एसटीडी बूथ टाकला, दुसऱ्याने त्याच्यासमोर टाकला. चिक्कडपल्लीत आमच्या गल्लीत तर इतके बूथ झाले की फोन करायला माणसं कमी पडायला लागली. मी बी.एस्सी. होऊन एका कम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होते. अशा इन्स्टिट्यूटही गल्लोगल्ली निघाल्या होत्या. जे शिकायला जायचे तेच पुढच्या वर्षी तिथे शिकवायला लागायचे. मीही लागले.

बाबांसाठी मामाने वेगळा विचार केला होता. मामा बँकेत होता, त्यामुळे दुसऱ्यांच्या पैशाचं काय करावं हे त्याला चांगलं कळायचं. "भाऊजी, जमीन घ्या," तो म्हणाला. "कुकटपल्लीच्या पुढे द्राक्षांचे मळे आहेत. मालक मळे मोडून प्लॉट पाडताहेत. आज घेतला तर घेतला."

एका रविवारी दोघं मामाच्या स्कूटरवर प्लॉट बघायला गेले. तिथे काय झालं ते मामाने नंतर इतक्यांदा सांगितलं की मी स्वतः तिथे होते असंच मला वाटतं. मळ्याचा मालक पांढऱ्या शर्टात, हातात सोन्याचं कडं घालून, चुन्याने आखलेल्या रेघांमध्ये उभा होता. मागे ट्रॅक्टर वेल उपटत होता. मनगटाएवढी जाड खोडं मुळांसकट बाहेर येऊन पडत होती. मामा रस्त्याची रुंदी, पूर्व-पश्चिम, वगैरे विचारत होता. बाबा त्या खोडांजवळ उभे.

"ये कौनसा अंगूर है?" बाबांनी विचारलं.

"अनाबशाही," मालक म्हणाला. "मेरे बाप ने लगाया था. दिल्ली तक जाता था साब. अब इस जमीन में अंगूर नै उगते, प्लॉट उगते. आप को कौनसा होना, कॉर्नर का?"

मामाने कॉर्नरचा घेतला. बाबा ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या काड्या घेऊन घरी आले. स्कूटरवर मागे बसून, पोतं तान्ह्या बाळासारखं मांडीवर धरून.

आईने दार उघडलं. पोत्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं. "प्लॉट?" तिने विचारलं.

"त्याच्याच मातीतल्या आहेत," बाबा म्हणाले.

आम्ही भाड्याच्या घरात राहायचो, वरच्या मजल्यावर. खाली घरमालक, म्हातारे तेलुगू वकील आणि त्यांची बायको. त्यांचे मुलगे अमेरिकेत होते. आमच्याशी ते दख्खनीत बोलायचे, आम्हीही. घरामागे मोरीचं पाणी जिथे पडायचं तिथे त्यांची हातभर जमीन मोकळी होती. तिथे वेल लावायचा, भिंतीवरून चढवायचा आणि गच्चीवर मांडव घालायचा, असा बाबांचा बेत. परवानगी मागायला ते शर्टाची वरची गुंडी लावून खाली गेले. मी जिन्यात उभी होते.

"हौ साब, लगालो," वकीलसाहेब म्हणाले. "मगर एक बात है. जड़ मेरी जमीन में रहेंगी. तो फल में आधा हिस्सा मेरा."

"बराबर है," बाबा म्हणाले.

"फिर पानी?"

"पानी हमारा. ऊपर से आपकी मोरी में ही गिरता."

वकीलसाहेबांनी यावर जरा विचार केला, कारण त्या पाण्यात त्यांचंही पाणी होतंच. पण मग हात पुढे केला. असा आमचा द्राक्षमळा करारबद्ध झाला.

काड्यांपैकी एकच जगली. पण ती अशी जगली, की बाबांना कारखान्यात कधी मिळाला नव्हता असा मान तिने दिला: ते जे सांगतील ते ती ऐकायची. डावीकडे वळ म्हटलं की वळायची. भंगारातून आणलेल्या पाइपांचा मांडव गच्चीवर उभा राहिला; इतका भक्कम की वकीलसाहेब म्हणाले, घर पडलं तरी हा राहील. नाशिककडच्या एका नातेवाइकाला लिहून बाबांनी द्राक्षशेतीच्या पुस्तिका मागवल्या. त्यांच्या तोंडी नवीनच भाषा आली. केवडा, भुरी हे रोग, मोरचूद, चुना ही त्यांवरची औषधं. एप्रिलमधल्या छाटणीला खरड छाटणी म्हणतात आणि दसऱ्याच्या सुमारास, फळ धरण्यासाठी करतात तिला गोडी छाटणी, हे आम्हाला जेवताना रोज ऐकायला मिळायचं. "नावातच आहे बघ," बाबा म्हणायचे. "गोडी."

हाडांचा चुरा, म्हणजे बोनमील, हे वेलाचं उत्तम खत असतं, असं त्या पुस्तिकेत होतं. बाबा तो पिशवीभर घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. आमच्याकडे कांदासुद्धा चातुर्मासात चालत नाही. आई शाळेतून आली, पिशवीत डोकावली आणि पुन्हा चपला घालून सरळ खाली वकीलीणबाईंकडे जाऊन बसली. पिशवी गच्चीवर गेल्याचं मी जाऊन सांगितलं तेव्हा वर आली. त्या दिवशी जेवण बाबांनी केलं. फार वाईट नव्हतं.

मामा दर रविवारी यायचा. प्लॉट घेतल्यापासून त्याच्या बोलण्यात जरा वजन आलं होतं.

"काय म्हणतो तुझा प्लॉट?" बाबा विचारायचे.

"वाढतोय," मामा म्हणायचा.

"माझाही," बाबा वर बोट दाखवायचे.

तिसऱ्या वर्षी घड लागले. बाबांनी जुन्या मलमलीच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि एकेक घड त्यात घातला. गच्चीवर जणू लहान लहान मच्छरदाण्या टांगल्या होत्या. त्याआधी विरळणी झाली. घडात दाटी होऊ नये म्हणून बारीक कात्रीने हिरवे कच्चे मणी कापून काढायचे, म्हणजे उरलेले मोठे होतात. बाबा शिडीवर चढून दुपारभर ते काम करायचे आणि खाली बादलीत हिरव्या मण्यांचा खच पडायचा. ती बादली टाकून द्यायचं काम आईचं.

मार्च महिन्यात पहिला घड उतरवला. अनाबशाही दिसायला खरोखर शाही असते. लांबट, फिकट सोनेरी, आतून उजेड आल्यासारखी. बाबांनी घड पितळी ताटात ठेवला. वकीलसाहेब, त्यांची बायको, मामा, आई, मी, सगळे गच्चीवर मांडवाखाली. वयाचा मान म्हणून पहिला मणी वकीलसाहेबांनी तोंडात टाकला.

त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. चाळीस वर्षं न्यायाधीशांसमोर चेहरा सरळ ठेवलेला माणूस तो. त्याने दुसरा उघडा ठेवला.

"क्या बात है," ते म्हणाले. "हाजमे को अच्छे हैं."

मग सगळ्यांनी खाल्ले. मामा खोकत कठड्याकडे गेला. बाबांनी एक खाल्ला, सावकाश चावला, आकाशाकडे बघितलं. "अजून तयार व्हायचे आहेत," ते म्हणाले. "आठवडाभर थांबू."

आम्ही थांबलो. त्यानंतरही थांबलो. पोपट आले, एका फाटक्या पिशवीतून एकेक टोच मारून निघून गेले आणि बहुतेक इतर पोपटांनाही त्यांनी सांगितलं असावं, कारण पुन्हा कोणी आलं नाही. बाबांनी बोनमील वाढवलं, पाणी वाढवलं. नळाला पाणी कमी असेल तर खालून बादल्या भरून जिन्याने वर, गच्चीवरच्या ड्रममध्ये न्यायचे आणि मग वेलाला घालायला पुन्हा खाली आणायचे, कारण मोजून घालता येतं म्हणे ड्रममधून. पुढच्या वर्षी घड आणखी मोठे झाले. चव होती तीच राहिली. त्या काळात आमच्या घरातून 'आंबट' हा शब्द नाहीसा झाला. कोणी बंदी घातली नव्हती. पण ताक आंबट झालं तरी आम्ही म्हणायचो, ताक जरा पुढे गेलंय.

बाबा घडांच्या पिशव्या ओळखीपाळखीत वाटायचे. लोक घ्यायचे, आभार मानायचे आणि पुन्हा भेटल्यावर विषय बदलायचे. आणि आमची बोलायची पंचाईत झाली होती म्हणून की काय, जेवणाची मात्र बाबा वारेमाप तारीफ करायचे. विशेषतः आमटीची. "चिंच फार चांगली मिळाली या खेपेला," ते म्हणायचे. "कुठून आणलीस? तिथूनच आणत जा." आई हो म्हणायची आणि आणखी वाढायची.

ती आमटी चिंचेची नव्हती.

विरळणीची बादली आईने एकदाही टाकून दिली नव्हती. ते हिरवे कच्चे मणी ती मीठ लावून उन्हात वाळवायची आणि आमसुलांसारखे बरणीत भरून ठेवायची. घरी वाळवणं शक्य नव्हतं, गच्ची बाबांची. म्हणून ती ते शाळेत न्यायची. मराठी शाळेत पोरं कमी होत चालली होती. त्या वर्षी चौथीचा वर्ग भरलाच नाही. खोली रिकामी, खिडकी पश्चिमेची, बाकं ओळीने लावलेली. त्या बाकांवर आईची द्राक्षं वाळली. थोड्या मण्यांना चिरा देऊन मोहरी, मेथी, तिखट आणि तेलाच्या फोडणीत लोणचं घालायची. दोन्हीतली अर्धी अर्धी बरणी करारानुसार खाली वकीलीणबाईंकडे जायची. मला हे सगळं माहीत होतं. मी इन्स्टिट्यूटमध्ये डब्यातून ते लोणचं न्यायचे तर पोरी माझ्याआधी डबा उघडायच्या.

बाबांना सांगायचं कोणी? आई म्हणायची, "त्यांना ती गोड व्हायला हवीत. आंबट चांगली लागतात म्हणून सांगितलं तर आंबट आहेत असंच ऐकू येईल त्यांना."

आणि मग मला बघायला पाहुणे आले.

स्थळ मामाने आणलं होतं. मुलगा पुण्याचा, इथे एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत, कुकटपल्लीला दोस्तांबरोबर राहायचा. त्याची आई खास पुण्याहून आली होती. त्यांची गाडी संध्याकाळची, म्हणून जेवायलाच बोलावलं. नेमका मार्च महिना. आईने आधी पोहे, शिरा असं ठरवलं होतं, पण पाहुणे टेकले तोच बाबा पितळी ताटात घड घेऊन आले. आईने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. तसंही त्या दिवशी मी तिकडेच बघणं अपेक्षित होतं.

"घरची आहेत," बाबा म्हणाले. "अनाबशाही."

मुलाची आई तोपर्यंत आमच्या भाषेचं कौतुक करत होती. आम्ही 'परेशान' म्हणतो, 'खाली बसलेय' म्हणजे रिकामी बसलेय असं म्हणतो, त्याचं पुण्याच्या माणसांना फार हसू येतं. "तुमची मराठी किती वेगळी, गोड आहे हो," त्या म्हणाल्या आणि एक मणी तोंडात टाकला. त्यानंतर त्यांनी भाषेबद्दल काही म्हटलं नाही.

मुलाने एक खाल्लं. मग दुसरं खाल्लं, नीट, जणू पहिल्याबद्दल खात्री करून घ्यायची होती. मग म्हणाला, "काका, आंबट आहेत हो ही."

मामाने डोळे मिटले. आणि मला हसू फुटलं. मी पदर तोंडाला लावला, पण ते थांबेना. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. त्या मुलाने चमकून माझ्याकडे बघितलं आणि तोही हसला. त्याची आई त्याला कोपराने ढोसत होती.

"हवामानामुळे," बाबा म्हणाले आणि ताट आत घेऊन गेले.

पानं वाढली. बाबा यजमान म्हणून आग्रह करत होते, पण फक्त त्याच्या आईला. मुलाने आमटीचा भुरका मारला आणि थांबला.

"काकू, ही आमटी कसली? चिंचेची नाही ना?"

"चिंचेचीच," बाबा म्हणाले. "इथली चिंच वेगळी असते."

"नाही काका, चिंच नाही ही." तो वाटीत बघत होता. चमच्याने त्याने तळातून एक सुरकुतलेला, काळपट, फुगलेला मणी वर काढला. "द्राक्ष आहे हे. अहो, तीच द्राक्षं! आमटीत काय मस्त लागतात!"

त्याने ते खाल्लं. बाबांनी आपल्या वाटीत चमचा घातला. त्यांनाही एक सापडलं. ते त्यांनी ताटाच्या कडेला ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग बाकीचं जेवण सगळ्यांनी फार लक्ष देऊन केलं.

पाहुणे जाताना आईने मुलाच्या हातात स्टीलच्या डब्यात लोणचं दिलं. बाबा समोर असताना दिलं. एकदा फुटलंच आहे तर आता झाकायचं कशाला, असा तिचा चेहरा होता.

दार लागल्यावर बाबांनी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे मी इतके दिवस ज्या आमटीला..."

"हो."

"आणि मी विचारायचो की चिंच कुठून आणतेस."

"मी कुठून म्हणून कधी सांगितलं नाही," आई म्हणाली. हे मात्र खरं होतं. तिने कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं, फक्त वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामाकडून निरोप आला की त्यांना मुलगी पसंत आहे. बाबांना मुलगा पसंत नव्हता. "त्याला पोच नाही," ते म्हणाले.

"खरं बोलला म्हणून?" आईने विचारलं.

"दुसऱ्याच्या घरी बोलला म्हणून."

कारखान्यात बाबा साहेबांच्या तोंडावर खरं बोलायचे, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो होतो. कदाचित कारखाना स्वतःचा नव्हता म्हणून ते जमत असेल.

एप्रिल आला, खरड छाटणीची वेळ. बाबा करवत घेऊन गच्चीवर न जाता मागच्या अंगणात गेले. खोडाच्या बुडाशी बसले. मी वरून खिडकीतून बघत होते. आईला हाक मारावी की नाही ते ठरेना. तेवढ्यात लुंगी सावरत वकीलसाहेब बाहेर आले.

"क्या करते साब?"

"निकाल रहा हूँ. कोई खाता नहीं इसका फल."

"कौन बोला नै खाता?" वकीलसाहेबांचा आवाज चढला. "हर साल खा रै हम. मेरे घर में दाल, पप्पू, इसके बगैर बनता नै. भाभी की बरनी आती, अमेरिका को जाती, मेरे बच्चे खाते. आधा हिस्सा मेरा है साब. कोर्ट से स्टे लाऊँ क्या?"

बाबा करवत घेऊन तसेच बसले होते. "अमेरिका?" त्यांनी विचारलं.

"हौ. अमेरिका."

बाबा उठले. करवत भिंतीला टेकवली आणि गच्चीवर गेले. थोड्या वेळाने मी चहा घेऊन वर गेले. ते मांडवाखाली उलट्या ठेवलेल्या ड्रमवर बसले होते.

"तुलाही माहीत होतं?"

"हो."

"आवडतात तुला? तशी?"

"फार."

त्यांनी चहा संपवला. कप माझ्या हातात देताना, जणू बाजारातल्या दुसऱ्या कोणाच्या मालाबद्दल विचारावं तसं विचारलं, "कशात जास्त चांगली लागतात? आमटीत की लोणच्यात?"

मी लोणच्यात म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मला आमटीत वाटतात."

पुढे काही दिवसांनी तो मुलगा एका संध्याकाळी एकटाच आला. डबा परत करायला. डबा रिकामा परत करायचा नसतो हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं, कारण आत बेकरीची बिस्किटं होती. आई शाळेच्या कामात होती. दार बाबांनी उघडलं.

"काका, लोणचं संपलं," तो म्हणाला. "आमच्या रूमवर चौघं आहेत. आणखी मिळेल?"

बाबांनी बिस्किटं बघितली. त्याला बघितलं. "लोणचं मिळेल," ते म्हणाले. "मुलीचं विचार करून सांगतो."

आतल्या खोलीत मी उभी होते. आईने वहीवरून मान वर न करता म्हटलं, "झालं तुझं लग्न."

ते डिसेंबरात झालं. मी कुकटपल्लीला राहायला गेले आणि बाबांनी आंबट द्राक्षांचं उत्पादन हातात घेतलं. आता ती पिकायला द्यायचीच नव्हती. कच्चे घड उतरवायचे, देठ काढायचे, धुवायचे, चिरा द्यायच्या. बाबांनी कामाचे टप्पे पाडले. आईला टप्पे पाडलेले चालत नव्हते. मोहरी कधी घालायची हे कारखान्याची शिट्टी वाजली म्हणून ठरत नाही, ती म्हणायची. शेवटी अशी वाटणी झाली की फोडणीपर्यंत बाबा, फोडणीपासून आई. गच्ची दोघांची झाली आणि चौथीचा वर्ग मोकळा झाला; अर्थात पोरं त्या वर्षीही आली नाहीत. मामाने तर बाटल्या, लेबल, नाव असा सगळा धंदाच मांडून दाखवला. बाबा म्हणाले, नाव काय देणार, 'आंबट'? आणि स्वतःच इतके हसले की मामा गोंधळला.

गोड करायची नाहीत म्हटल्यावर बाबांनी वेलाचे लाडही बंद केले होते. बोनमील नाही, बादल्या नाहीत. त्यात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं आणि मोरीत पडायचं तेही कमी झालं. कच्चे घड काढून झाले, बरण्या भरल्या. मांडवाच्या कोपऱ्यात, टाकीच्या मागे, शिडी पोचत नव्हती तिथे काही घड राहून गेले.

मार्च संपता संपता आईचा फोन आला. "जावईबापूंना घेऊन ये. द्राक्षांना काहीतरी झालंय."

आम्ही गेलो तर गच्चीवर बैठक भरली होती. पितळी ताट, त्यात घड. या वेळी रंग जास्तच पिवळा, सालीवर बारीक तांबूस ठिपके. वकीलसाहेब खुर्चीत बसून एक मणी चघळत होते आणि चेहरा पडलेला होता.

"ये क्या हो गया साब," ते म्हणाले. "इसका अब पप्पू कैसा बनाना?"

आईही नाराज होती. तिने त्यातल्या एका घडाचं लोणचं घालून बघितलं होतं. चव ना इकडची ना तिकडची. "उतरवायचे राहून गेले तर असंच होणार," ती बाबांना म्हणाली. "कोपरा बघायला नको?"

बाबांनी ताट माझ्या नवऱ्यासमोर धरलं. त्याने एक खाल्लं. मग नेहमीसारखं, खात्री करायला, दुसरं.

"काका," तो म्हणाला, "गोड आहेत. खरंच गोड आहेत. अशी तर विकतही मिळत नाहीत."

बाबांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. इतक्या वर्षांनी, इतक्या मोरचूद-चुन्यानंतर, हे वाक्य त्यांच्या गच्चीवर कोणीतरी म्हटलं होतं.

"असू दे," ते म्हणाले. "जावई झालात म्हणून तोंडदेखलं बोलायची गरज नाही."

तो शपथा घ्यायला लागला. मी खाऊन बघितलं, मीही तेच सांगितलं. पण मी मुलगी, माझा काय भरवसा. बाबांनी मान हलवली आणि आम्हाला चहाला खाली पाठवलं.

चहा झाल्यावर कप विसळून मी पुन्हा वर गेले, ते ताट आणायला. बाबा मांडवाखाली एकटेच उभे होते. ताट कठड्यावर ठेवलं होतं आणि ते एकेक मणी तोडून तोंडात टाकत होते, एक संपला की दुसरा, कोणालाही न बोलावता. मी जिन्यातच थांबले आणि ताट न घेता खाली आले.